टिफच्या पोटातलं जेपेग

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेते. विषय आहे जेपेग, म्हणजे थोडा तपशील गाळून फोटोची फाइल दाबायची (कॉम्प्रेस करायची) पद्धत, आणि ती फोटोत सोडते त्या खुणा. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तसा अनुभव घेऊन माझ्याकडे येणारे लोक वाढले आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या आजोबांचा 1958 सालचा एक ब्रोमाइड (कृष्णधवल) फोटो आहे, 4 बाय 6 इंचांचा. वाड्याच्या ओसरीवर खुर्चीत बसलेले, मागे चुन्याची भिंत. गावातल्या एका स्टुडिओत तो 600 डीपीआयला रंगीत स्कॅन करून घेतला. त्यांनी पेन ड्राइव्हवर टिफ फाइल दिली, 25 एमबीची, आणि “ही ओरिजिनल क्वालिटी आहे, कुठेही कॉम्प्रेस केलेली नाही” असं सांगितलं. जन्मशताब्दीसाठी 12 बाय 18ची प्रिंट काढली, तर मागच्या भिंतीवर बारीक चौकोन दिसतात. पट्टी लावून पाहिलं, एका सेंटिमीटरमध्ये साधारण दहा. स्टुडिओवाले म्हणतात प्रिंटर खराब, प्रिंटवाले म्हणतात स्कॅन खराब. आम्ही कोणाचं खरं मानायचं? (एक वाचक, वाई)

उत्तर : तुम्ही पट्टी लावून मोजलंत याचा मला फार आनंद झाला, कारण या वादाचा निकाल त्या एका मोजमापात आहे.

हिशेब असा. 600 डीपीआय म्हणजे एका इंचात 600 पिक्सेल. जेपेग पद्धत फोटोचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे दाबते. तुमच्या मूळ फोटोवर 8 पिक्सेल म्हणजे 0.34 मिलिमीटर. प्रिंट तिप्पट मोठी, म्हणून तोच चौकोन 1 मिलिमीटरचा झाला. सेंटिमीटरमध्ये दहा. प्रिंटरचे स्वतःचे दोष वेगळे दिसतात, आडव्या पट्ट्या येतात, शाईचे ठिपके येतात. फाइलमधल्या 8 पिक्सेलांशी त्याचा संबंध नाही. प्रिंटवाल्यांचं खरं आहे. टिफमध्ये फोटो सहसा न दाबता ठेवतात, पण तुमची टिफ तयार होण्याआधी तो फोटो एकदा तरी जेपेगमधून गेलेला आहे.

मग 25 एमबी कुठून आले, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. 4 बाय 6 इंच, 600 डीपीआय, म्हणजे 2,400 गुणिले 3,600 पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक बाइट. गुणाकार केलात तर 2,59,20,000 बाइट. साध्या टिफचा आकार एवढाच भरतो, आत उत्तम स्कॅन असो की दाबून खराब झालेला फोटो. दीड एमबीचं जेपेग उघडून “सेव्ह अ‍ॅज टिफ” केलं की फाइल पुन्हा 25 एमबीची होते, पण गेलेला तपशील परत येत नाही. ग्राहक फाइलचं वजन बघतो आणि निश्चिंत होतो, तिथेच गफलत होते. (टिफमध्ये आतल्या आत जेपेगने दाबायचीही सोय असते, पण तशी फाइल लहान झाली असती. तुमची ती नाही.)

स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची असेल तर संगणकावर फाइल उघडा, गिंप चालेल, ते फुकट मिळतं. चुन्याच्या भिंतीचा भाग 800 टक्के मोठा करा आणि लेव्हल्समध्ये जाऊन कॉन्ट्रास्ट खूप वाढवा. भिंत गुळगुळीत असते, तिथे लपायला जागा नसते. सलग आठ पिक्सेल एका छटेचे, मग एकदम उडी, मग पुन्हा आठ, असं दिसेल. आता आजोबांच्या टोपीच्या कडेला या. कडेच्या बाजूला भिंतीवर बारीक लाटांसारखी घाण दिसेल आणि ती चौकोनाच्या रेषेशी येऊन एकदम थांबलेली असेल. ही खूण मला सगळ्यात विश्वासाची वाटते, कारण धूळ, बुरशी किंवा कागदाचा पोत अशी सरळ रेषेत थांबत नाही. तिसरी गोष्ट रंगाची. जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंगाची माहिती निम्म्या बारकाव्याने ठेवतात, त्यामुळे जुन्या ब्रोमाइडचा पिवळसरपणा 16 पिक्सेलच्या तुकड्यांत उतरतो. तुमच्या प्रिंटवर ते तुकडे 2 मिलिमीटरचे असतील. उन्हात नेऊन बघा.

एक सावधगिरी. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ रंगीत प्रिंट जाळीदार पोताच्या कागदावर आहेत. त्या स्कॅन केल्या की तीही जाळी दिसते, आणि लोक तिला जेपेगचे चौकोन समजतात. ती जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते आणि तिचं माप डीपीआयप्रमाणे बदलतं. जेपेगचं माप कायम आठच.

डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही शोधता येतं, आणि ती रीत मला इतकी आवडते की थोडी सविस्तर सांगते. जेपेग प्रत्येक चौकोनातल्या 64 पिक्सेलांचे 64 वेगळे आकडे करते. पहिला आकडा चौकोनाची सरासरी छटा सांगतो, पुढचे आडव्या-उभ्या बदलांचे, आधी संथ बदल, मग बारीक. या गणिताला कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी 1972 मध्ये या कामासाठी अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, तो नाकारला गेला. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी जानेवारी 1974 मध्ये शोधनिबंध छापला, आणि 1992च्या जेपेग मानकाचा पाया तोच झाला.

इथपर्यंत काहीच हरवत नाही. हरवतं ते पुढच्या पायरीला. प्रत्येक आकड्याला एक ठरलेली पायरी असते आणि आकडा जवळच्या पायरीवर नेऊन बसवला जातो. समजा पायरी 8 आहे. 13 आला तर त्याचे 16 होतात, 10 आला तर 8, आणि 3 आला तर शून्य. फोटो परत उघडला की त्या जागी फक्त 0, 8, 16, 24 असेच आकडे सापडतात. अधलेमधले नाहीत.

तुमच्या फोटोत 300 गुणिले 450, म्हणजे 1,35,000 चौकोन आहेत. प्रत्येकातला त्याच जागेवरचा एक आकडा घ्या आणि कोणता किती वेळा आला त्याचा आलेख काढा. कधीच न दाबलेल्या स्कॅनचा आलेख टेकडीसारखा सलग उतरतो. जेपेगमधून आलेल्याचा फणीसारखा दिसतो, दात आणि मधे मोकळी जागा. दोन दातांमधलं अंतर म्हणजे पायरी. नंतर फाइलला टिफ करा, पीएनजी (तपशील न गाळणारा फाइलचा आणखी एक प्रकार) करा, नाव बदला, तारीख बदला, फणी तशीच राहते. झिगांग फान आणि रिकार्डो द केरोझ या संशोधकांनी 2003 मध्ये हाच प्रश्न घेतला होता. समोर नुसते पिक्सेल आहेत, फाइलचा पूर्वेतिहास लिहिलेला नाही, तर हे चित्र कधी जेपेग होतं का आणि कोणत्या पायऱ्यांनी दाबलं होतं, हे काढता येईल का? बहुतेक वेळा येतं.

तुमच्या पत्रानंतर मला राहवलं नाही, म्हणून फाइल मागवून घेतली. माझ्या भाचीने लिहून दिलेला एक छोटा पायथन प्रोग्राम आहे, त्यातून ती काढली. सुरुवातीच्या आडव्या आकड्यांच्या पायऱ्या 8, 6, 5, 8, 12 अशा निघाल्या. हे आकडे ओळखीचे आहेत. मानकात नमुना म्हणून दिलेल्या तक्त्याची पहिली ओळ 16, 11, 10, 16, 24 अशी सुरू होते. जेपेग सेव्ह करताना क्वालिटीचा आकडा निवडता येतो, तो जितका कमी तितकं दाबणं जास्त. क्वालिटी 75 म्हटलं की पुष्कळ सॉफ्टवेअर त्याच्या निम्म्या पायऱ्या वापरतात. क्वालिटी 90 असती तर 3, 2, 2, 3, 5 आलं असतं आणि चौकोन तुमच्या डोळ्यांना दिसलेही नसते. म्हणजे तुमचा फोटो 75ला सेव्ह झाला, मग टिफ झाला.

स्टुडिओवाल्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. पुष्कळ स्कॅनर जेपेगवरच लावून ठेवलेले असतात, ऑपरेटरने ते कधी पाहिलेलंही नसतं. किंवा एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवताना फोटो दाबला गेला असेल. फणी सांगते की फोटो दाबला गेला. कोणी आणि का, ते ती सांगत नाही. त्यांच्याकडे जा, भिंतीचा मोठा केलेला तुकडा दाखवा आणि स्कॅनरच्या सेटिंगमध्ये थेट टिफ निवडून परत स्कॅन करायला सांगा. मूळ ब्रोमाइड तुमच्याजवळ आहे, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

ती मोठी का, ते स्वतःच्या चुकीवरून सांगते. 2004 मध्ये सांगलीच्या एका कुटुंबाचा अख्खा अल्बम मी स्कॅन केला होता. तेव्हा माझ्या संगणकाची हार्ड डिस्क 40 जीबीची होती, आणि सगळं एका सीडीवर मावावं म्हणून मी तो जेपेगमध्ये, बऱ्यापैकी दाबून दिला. मूळ फोटो आहेतच, असं तेव्हा वाटलं. ऑगस्ट 2019च्या पुरात तो अल्बम गेला. घरातल्या बाई सीडी घेऊन माझ्याकडे आल्या, सासूबाईंचा मोठा फोटो करायचा होता. नऊवारीच्या काठावर रुईफुलांची नक्षी होती, मला ती अजून आठवते, कारण स्कॅन करताना मी भिंगातून पाहिली होती. सीडीवरच्या फोटोत तिथे चौकोनी डाग आहेत. मी दोन दिवस बसले, कडा मऊ केल्या, चेहरा सुधारला. काठ नाही आणता आला. त्या नक्षीचे आकडे मीच शून्यावर बसवले होते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टँकरच्या पावतीचा फोटो आला. रक्कम 4,800 आहे, पण काही जणांच्या मते ती 1,800 होती आणि आकडा बदललाय. मी तो फोटो एका वेबसाइटवर तपासला. पार्श्वभूमी काळी आली आणि “4,800” पांढरा चमकला. हा पुरावा धरून सर्वसाधारण सभेत विषय मांडू का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : कृपया मांडू नका, निदान या आधारावर तरी नाही.

तुम्ही वापरलेल्या रीतीला एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस म्हणतात. नील क्रॉएत्झ यांनी 2007 मध्ये ती लोकांपुढे आणली. फोटो एका ठरावीक क्वालिटीला पुन्हा सेव्ह करायचा आणि आधीच्या-नंतरच्या चित्रातला फरक उजळून दाखवायचा. अडचण अशी की पांढऱ्या कागदावरची ठळक काळी अक्षरं या चित्रात तशीही चमकतातच, कारण तीव्र कडा दाबताना चूक जास्त होते. तोच निकाल परत उघडा आणि पावतीवरची तारीख, टँकरचा नंबर, वरचं छापील नाव पाहा. तेही तितकंच चमकत असेल तर या चित्रातून काहीच सिद्ध होत नाही. शेजाऱ्यावर खोटेपणाचा आळ घेणं सोपं नाही हो, त्याच जिन्याने रोज वर-खाली करायचं असतं.

खरी खूण कुठे शोधायची, तर दोनदा दाबलेल्या भागात. समजा फोनने फोटो काढताना चौकोनातल्या 64 आकड्यांपैकी एकाची पायरी 5 होती. सगळे आकडे 0, 5, 10, 15, 20, 25, 30 असे झाले. मग कोणीतरी फोटो संपादित करून परत सेव्ह केला, या वेळी पायरी 3. आता कितव्या पायरीवर आकडा बसला ते मोजू, त्याला घर म्हणू. 5 भागिले 3 म्हणजे 1.67, ते झालं 2. 10चे 3. 15चे 5. 20चे 7, 25चे 8, 30चे 10. आलेखात 0, 2, 3, 5, 7, 8, 10 ही घरं भरली आणि 1, 4, 6, 9 रिकामी राहिली. पुढेही दर पाच घरांनी तोच क्रम. एकदाच दाबलेल्या फोटोत अशी ठरावीक अंतराने येणारी भोकं पडत नाहीत. यान लुकाश आणि जेसिका फ्रिड्रिच या संशोधकांनी 2003 मध्ये या भोकांवरून पहिल्या वेळच्या पायऱ्या उलट्या शोधून दाखवल्या. आता कोणी दुसऱ्या चित्रातला “4” आणून चिकटवला, तर त्या तुकड्याचे चौकोन बाकीच्या फोटोच्या चौकोनांशी जुळावे लागतात. 8 बाय 8 मध्ये ठेवायच्या जागा 64, त्यातली एकच बरोबर. म्हणून बहुतेक वेळा चिकटवलेल्या तुकड्यात ही भोकं नसतात, बाकी फोटोत असतात.

आणखी एक रीत हनी फरीद यांनी 2009 मध्ये मांडली. ती घरी करून बघण्यासारखी आहे. संशयित फोटो क्वालिटी 50, 55, 60 असं करत 95पर्यंत वेगवेगळा सेव्ह करा आणि प्रत्येक प्रत मूळ फोटोवर ठेवून लेयरचा प्रकार डिफरन्स करा, म्हणजे दोन्हींतला फरक तेवढा दिसेल. एखादा तुकडा पूर्वी 65ला दाबलेला असेल, तर 65च्या प्रतीत तो तुकडा एकदम काळा होतो, कारण त्या क्वालिटीला त्याचं नवीन नुकसान जवळपास होतच नाही. फरीद यांनी त्याला जेपेग घोस्ट असं नाव दिलं. इथेही चौकोन जुळलेले असावे लागतात, म्हणून फोटो एकेक पिक्सेल सरकवून पुन्हा पाहावं लागतं.

तुमच्या पावतीला यातलं फारसं काही लागू पडणार नाही, हे मात्र स्पष्ट सांगते. व्हॉट्सअ‍ॅप साधारणपणे फोटो लहान करतं आणि पुन्हा दाबतं. 4,000 पिक्सेल रुंद फोटो 1,600 पिक्सेलचा झाला की जुना 8 पिक्सेलचा चौकोन 3.2 पिक्सेलचा होतो, त्याच्या कडा एकमेकींत मिसळतात, आणि वर 8 पिक्सेलची नवीन जाळी बसते. चिकटवलेला आणि मूळ, दोन्ही भाग त्यातून सारखेच निघतात. ग्रुपवर तीनदा फॉरवर्ड झालेल्या फोटोतून पूर्वेतिहास काढणं म्हणजे धुतलेल्या पाटीवरचं वाचणं. ज्यांनी फोटो काढला त्यांच्याकडून फोनमधली मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा. तसं पाठवल्यावर ती दाबली जात नाही.

आणि त्याआधी टँकरवाल्याच्या पावतीपुस्तकातली स्थळप्रत पाहा. कार्बनवर 1,800 उमटलंय की 4,800, ते दोन मिनिटांत कळेल. प्रकरण पुढे वकिलांकडे गेलंच तर 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र मागतं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेला तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. फॉरवर्ड झालेल्या प्रतीची हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही. मूळ फोन आणि त्यातली फाइल कोणी पुसू नये, एवढं मात्र आजच सांगून ठेवा.

प्रश्न : जेपेग फोटो दर वेळी उघडला की थोडा खराब होतो असं ऐकलं. नातीचे फोटो मी रोज बघते. बघायचं बंद करू का? सगळे पीएनजी करून ठेवले तर सुधारतील का? (एक आजी, रत्नागिरी)

उत्तर : आजी, खुशाल रोज बघा. उघडल्याने काहीच होत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावर नुकसान होतं. तेही काही न बदलता त्याच क्वालिटीला परत-परत सेव्ह केलंत तर आकडे आधीच त्या पायऱ्यांवर बसलेले असतात, त्यामुळे काही वेळा सेव्ह झाल्यावर बदल जवळपास थांबतो. त्रास होतो तो कडेचे दोन-चार पिक्सेल कापून सेव्ह केल्यावर. चौकोनांची जाळी सरकते आणि नव्या जागी नवीन नुकसान होतं. कापायचं असेल तर मूळ फोटोची प्रत करून तिच्यावर कापा.

पीएनजीने फोटो सुधारणार नाही, पुढे बिघडणार नाही एवढंच; फाइल मात्र कितीतरी मोठी होईल आणि फोन भरेल. त्यापेक्षा मुलाला सांगा, नातीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि सुट्टीत तो येईल तेव्हा त्याच्या फोनमधून सगळे मूळ फोटो केबल लावून एका पेन ड्राइव्हवर घ्या, दुसरा पेन ड्राइव्ह मुलीच्या घरी ठेवा.

जुने कृष्णधवल फोटो असतील तर त्यांचं वेगळं पत्र पाठवा. कोकणच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. स्कॅन करण्याआधी ते कसे पुसायचे ते पुढच्या वेळी लिहीन. तोवर काचेला चिकटलेला एकही फोटो ओढून काढू नका.